दुबईतले बेडूक

१ जुलै १९८५, सोमवार

नववी ब ला आज 'वाळवंटी प्रदेश' सुरू केला. बाहेर असा कोसळतोय की फळ्यावर खडू उमटेना. वर्गात तीन ठिकाणी गळतं, तिथे तीन बादल्या. आणि मी त्या बादल्यांच्या मधे उभी राहून सांगतेय — या प्रदेशात वर्षाकाठी दहा इंचसुद्धा पाऊस पडत नाही! मुलं हेव्याने ऐकत होती. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, म्हंजे थय गणवेश वाळत आसतील ना?" संपूर्ण धड्याचं सार. उगाच मी चाळीस मिनिटं घसा फोडला.

मी स्वतः वाळवंट पाहिलेलं नाही. किनाऱ्याचा धडा असता तर गोष्ट वेगळी. गेल्या डिसेंबरात पोरांच्या हातात लोहचुंबक देऊन इथल्या मांडवीच्या किनाऱ्यावर नेलं होतं. तिथली काळी वाळू चुंबकाला अशी चिकटते की त्याला मिशाच फुटतात. वाळवंटाला कुठे नेणार? घरातला एक माणूस तेवढा तिथे आहे. आमचे सहदेवराव! राजापूरला वेल्डिंग करायचे, आता दीड वर्ष दुबईत करतात. ते गेले आणि संस्थेने माझी बदली रत्नागिरीला केली. सासूबाई आणि मी इथे बिऱ्हाड थाटलं. या गावात त्यांना कुणी पाहिलेलंच नाही. शेजारच्या मैनाताईंना तर दाट संशय आहे की मला नवरा मुळात नसावाच.

६ जुलै

लवू आला. लवू म्हणजे यांचा बालमित्र, मुंबई गाडीवर ड्रायव्हर. यांचे पैसे, यांच्या कॅसेटी सगळं लवूच्या हस्ते येतं. "मुंबई सेंट्रलला एक गृहस्थ भेटला, थेट विमानातून उतरलेला. त्यानं दिलान." दर खेपेला नवा गृहस्थ. पोस्टावर यांचा विश्वास नाही. पोस्टाचाही यांच्यावर नसणार.

लवू बांगड्याचं तिखलं हाणून गेला. मग कॅसेट लावली. खोकला. पुन्हा खोकला. मग — "इथे दिवसा अंगाची लाही लाही होते. रात्री मात्र कडाक्याची थंडी पडते. दिवस व रात्र यांच्या तापमानात फार मोठा फरक असतो."

'व'! बायकोशी बोलताना 'व'!

८ जुलै

कॅसेट वर्गात ऐकवली. प्रत्यक्षदर्शी पुरावा. मुलं थक्क. "बाई, सेम पुस्तकासारखं बोलतायत वो!" मला केवढा अभिमान.

१४ जुलै

सासूबाईंनी गोधडी शिवायला घेतली आहे. वाळवंटात पाठवायला. जुलै महिन्यात.

म्हटलं, अहो, ते जगातल्या सगळ्यात तापलेल्या मुलखात आहेत. तर म्हणाल्या, "ऐकलास ना, थंडी वाजते त्येला? लेकरू कुडकुडत आसल थय." माझं जुनं जरीचं पातळ आतल्या बाजूला लावलंय. मला विचारलंही नाही. दुबईचे शेख माझं लग्नातलं पातळ बघणार.

२३ जुलै

गोधडी गेली. लवू काखेत मारून घेऊन गेला. जाताना सासूबाई त्याच्याशी अंगणात बराच वेळ काहीतरी कुजबुजत होत्या. भिजल्या.

३० जुलै

पाऊस. नववी ब मध्ये उंट.

४ ऑगस्ट

नवी कॅसेट. "इथे सात महिने पावसाचा थेंब नाही. जिकडे पाहावं तिकडे वाळूचं साम्राज्य." हे सगळं अगदी गंभीर आवाजात. आणि मागे — डराँव. डराँव. डराँव.

मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा लावली. बेडूक! एक नाही, अख्खी सभा भरलेली. सासूबाईंना म्हटलं, ऐकलंत? म्हणाल्या, "मशीन आसल कसलं तरी." आणि उठून चुलीपाशी गेल्या. चूल पेटलेली नव्हती.

१४ ऑगस्ट

हेडमास्तरांना पाहुण्यांची हौस. उद्या झेंडावंदन, म्हणून आज नववी ब समोर एक 'परदेशस्थ पालक' उभे केले. भागोजी. दुबईत सहा वर्षं काढून परवाच आलेत. पावसात काळा गॉगल, गळ्यात कॅमेरा, त्यात रोल नाही. माणूस फुशारक्या मारणारा, पण तिथे राहिलेला आहे यात शंका नाही. पोरांनी माझ्याकडे बघत विचारलं, रात्री थंडी किती पडते? भागोजी हसत सुटले.

"थंडी? आता या दिवसांत? रात्री गंजी काढून पिळायची, पोरांनो! समुद्र बाजूलाच. हवा अशी दमट की आपला मे महिना बरा. थंडी पडते ती डिसेंबरात, नायतर आतल्या रेतीत."

बरोबरच आहे की! समुद्रालगत हवेत बाष्प, बाष्प उष्णता धरून ठेवतं, रात्र गार होतच नाही. खारे वारे, मतलई वारे हे मी आठवीला शिकवते, घोकून घेते. पुस्तकातलं वाळवंट आतलं असतं. यांची कंपनी तर बंदरावर, असं यांनीच सांगितलेलं.

म्हणजे सहदेवराव दुबईत बसून माझं नववीचं पुस्तक वाचून दाखवतात. ते पुस्तक यांनी राजापूरला शंभरदा ऐकलंय. मी स्वयंपाक करता करता धडे मोठ्याने म्हणायची, हे शेजारी बसून लसूण सोलायचे.

आता यात विनोदी काय आहे ते मला सापडेना.

१५ ऑगस्ट

झेंडा भिजला. मीही.

पुस्तकातली थंडी आणि मागे बेडूक. दुबईत नाहीतच, तर कुठे आहेत? मुंबईत? कुणाबरोबर? पैसे येतात. माणूस नाही. मैनाताईंनी आज पुन्हा विचारलं, "कधी येतायत मग?" मी दात काढून म्हटलं, "वाळवंटातून निघायला वेळ लागतो हो." आत येऊन रडले. हे इथे लिहिते, दुसरीकडे कुठे सांगणार?

१ सप्टेंबर

मी पण कच्च्या गुरूची चेली नाही. लवूकडे उलट कॅसेट दिली. गोड आवाजात बोलले — वर्गासाठी तिथली बाटलीभर वाळू पाठवा. मुलांनी वाळवंट कधी हातात घेतलेलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "बायका सोनं मागतात. तू माती मागतंस."

म्हटलं, मातीच तपासता येते.

१२ सप्टेंबर

बाटली आली! हॉर्लिक्सची. लवूला कॅसेट देऊन दोन आठवडेही झाले नाहीत. तेवढ्यात ती विमानाने गेली, वाळू भरली, विमानाने आली, गृहस्थ भेटला. वा! आमची एसटी चिपळूणहून इतक्या लवकर येत नाही.

झाकणावर चिकटपट्टी. त्यावर यांच्या अक्षरात: 'वाळू'. दुबई लिहिलेलं नाही. नुसतं 'वाळू'.

१३ सप्टेंबर

वर्गात नेली नाही. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत एकटीच बसले. कागदावर पसरली. वाळवंटातले कण वारा फरफटवत नेतो, एकमेकांवर घासून गोल करतो. भिंगाखाली बघितलं तर शिंपल्याचे तुकडे. एक तर अख्खा इवलासा शंख. वाळवंटाला समुद्र लागतो, ठीक आहे, म्हणून मनाची समजूत घातली. रंगही काळपट. तेही ठीक म्हटलं.

मग खणातून चुंबक काढला. तोच, डिसेंबरातला. कागदाखालून फिरवला.

मिशा फुटल्या.

मांडवीची! या शाळेच्या खिडकीतून जिथले माड दिसतात, तिथली. मला हसू आलं. इतकं की चुंबक हातातून पडला.

१४ सप्टेंबर

लवू सापडला, स्टँडवर. कँटीनमध्ये चहा सांगितला आणि बाटली समोर ठेवली. त्याने बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चहा बशीत ओतला आणि प्यायलाच विसरला.

"वैनी, एजंट पळाला. पासपोर्ट घेऊन. विमान कुठलं, विमानतळसुद्धा बघितलान नाय सहदेवनं. आठ महिने मुंबईत माझ्या खोलीवर होता. गेल्या दिवाळीपासून मिरजोळ्यास आहे. कारखान्यांच्या वसाहतीत एका वर्कशॉपला वेल्डिंग करतो. थयच पत्र्याच्या खोलीत राहतो."

मिरजोळे! हे मुंबई नाही, दुबई नाही. शहराच्या वेशीवर. पायी गेलं तरी भाजी कोमेजायच्या आत परत येता येतं. दहा महिने!

म्हटलं, मग घरी का नाही आले? लवू खाली बघून म्हणाला, "तुमच्या जिभेला भितो तो. तो निघताना तुम्ही म्हणाला होतात ना, तीन नोकऱ्या सोडल्यात, आता वाळवंटात तरी टिका. म्हणतो, कुठल्या तोंडानं जाऊ? पण लांबही ऱ्हावलं नाय त्येला. तुम्ही पोरांना घेऊन मांडवीला आल्यात, तवा ओढलेल्या होड्यांच्या मागं उभा होता. दिवसभर."

माझ्या तोंडून निघालं ते भलतंच: आणि बेडूक?

"रेकॉर्डिंग शेडच्या मागं केलान. डबकं हाय थय."

उठता उठता लवू म्हणाला, "मी त्येला सांगितलं होतं, नदीची वाळू भरतो, वैनी फसतील. तर नाय म्हणालान. बघितलंय मी तिचं चुंबक, म्हणालान. मांडवीचीच भर."

१५ सप्टेंबर, रविवार

दिवसभर पाऊस नाही. 'मांडवीचीच भर.' दुसरं काही सुचत नाही.

म्हणजे ती फसवायला पाठवलेली वाळू नव्हती. उत्तर होतं. माझ्याच पद्धतीने, प्रयोग करून सिद्ध करता येईल असं. तोंडाने सांगायचं तर मी मधेच चूक काढली असती. काढलीच असती. 'व' वरून काढलीच.

राग आहे. खूप आहे. दीड वर्ष मैनाताईंना तोंड मी दिलंय. पण त्या पत्र्याच्या खोलीत बसून माझा धडा पाठ म्हणणारा माणूस डोळ्यांपुढून हलत नाही. तोही खोकत.

२१ सप्टेंबर

ठरवलं. उद्या रविवार, मिरजोळ्याला जायचं. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. बोलायचं नाही, एवढं ठरवलंय. जमलं तर भूगोलात नोंद होईल.

सासूबाईंना कसं सांगू? लेक दुबईत म्हणून सबंध आळीत मिरवतात. म्हातारी खचेल. तूर्त सांगेन, शाळेचं काम आहे.

२२ सप्टेंबर, सकाळ

चप्पल घालत होते. म्हटलं, शाळेचं काम आहे, येते. सासूबाईंनी माझ्या हातात डबा दिला. गरम. चांगला जड, दोन माणसांचा.

"मिरजोळ्याची गाडी साडेआठला. खिचडीत मिरची नाय टाकलंय, खोकतो हल्ली तो," म्हणाल्या. "आणि येताना गोधडी घेऊन ये. आता त्येला हयच लागल."