दोन कविता आणि बाबांची पँट

ती. ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. भावोजींच्या खोकल्याची विचारपूस करणार होतो, पण फोनवर तुझ्याआधी तो खोकलाच बोलतो, तेव्हा तो ठणठणीत असणार. इकडे सगळे मजेत. बाबा तर फारच मजेत आहेत, आणि तीच पंचाईत आहे.

तुझ्या भाचीला शाळेतून दोन कविता मिळाल्या. दोन्हींतली मुलं आणि आईवडील कसे दिसतात, याची तुलना करायची. पहिलीतलं पोर बापाच्या खांद्यावर बसून गर्दी बघतं आणि त्याला वाटतं, आपल्या बापाएवढं उंच कुणीच नाही. दुसरीतला मुलगा मोठा झालाय, म्हाताऱ्या बापाला हाताला धरून जिना उतरवतोय, आणि बाप आता त्याच्या खांद्याला लागतोय. पोरीने दोन्ही कविता दुकानातच मोठ्याने वाचल्या. बायको शर्टाची काजं करता करता म्हणाली, दोन्हींत आई कुठाय? मी म्हटलं, असेल आत कामात. (त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.)

बाबांनी मात्र मशीन थांबवलं. "पहिली बरोबर आहे. दुसऱ्याने बापाचं माप चुकीचं घेतलंय." शिंप्याच्या घरात असं म्हटल्यावर टेप निघणारच. घे माझं माप, म्हणत बाबा ताठ उभे राहिले. आपली पद्धत तुला ठाऊक आहे: एकाने टेप लावून आकडा मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने लिहायचा. लिहायला तुझी भाची बसली. बाबांच्या पँटची उंची आपल्या लहानपणापासून चाळीस. मी कमरेपासून टेप सोडला, तर तो साडेअडतीसलाच टाचेला टेकला. बाबा टेपकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "चाळीस."

"लिही," ते नातीला म्हणाले, "कवी चुकला!"

इथवर ठीक होतं. पण त्यांनी त्याच मापाने, मला हातही लावू न देता, नवी पँट शिवली. ती घालून ते दुकानात फिरतात तेव्हा मागून फरशी पुसली जाते. (बायको म्हणते, कोपरे तेवढे राहतात.) गिऱ्हाइकांना सांगतात, हल्ली लांबच घालतात. परवा उंबऱ्यावर अडखळले आणि उंबऱ्यालाच रागावले. ती पँट ते सोडत नाहीत, आणि खरं सांगायची माझी छाती होत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी बाबा तुझ्याकडे येतायत, तीच पँट घालून. तुझा जिना उभा आहे. दुपारी ते झोपले की दीड इंच वर घेऊन तुरपाई कर. विचारलंच तर म्हण, धुतल्यावर आटली. (आणि खरंच धू. ते वास घेऊन बघतील.)

ता. क. भाचीने शाळेच्या वहीत लिहिलंय: दोन्ही कवितांत बापाचं माप मुलगाच घेतो, म्हणून बाप जसा हवा तसा भरतो. म्हणजे पोरीला टेप दिसत होता.

ता. क. माझी कंबर गेली दहा वर्षं चौतीस आहे. बाबाच माप घेतात, तेच आकडा सांगतात, तेच पँट शिवतात, आणि ती बसतेही. आज मी सहज बायकोला माप घ्यायला लावलं. अडतीस. (तिने अगदी मोठ्याने सांगितलं.) तेव्हा ताई, तुरपाई कितीही बारीक केलीस तरी त्यांना कळणारच आहे. तू कर. ते काही बोलणार नाहीत.