एक वाढवा

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार
आजपासून नवी वही, नवं घर. पितृपंधरवडा लागायच्या आत घरात पाय पडला, ही भवानीआईची कृपा. रहाटणीत, तिसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. आधी देव मांडले, दूध उतू घालवलं, मग बाकीची खोकी. हे चाकणहून पहिली शिफ्ट करून आले आणि खोक्यांवरच झोपले. विजूला अभ्यासाला वेगळी खोली मिळाली. संख्याशास्त्र शिकते माझी लेक. मी मॅट्रिक, पण हिशेबात एका आण्याची चूक नाही.

समोरच्या जयमालाताई शिरा घेऊन आल्या. म्हणाल्या, बीडच्या बायका तिखट असतात म्हणून मुद्दाम गोड आणलंय. हसून हसून पोट दुखलं. डब्यावर त्यांचं नाव घातलंय, सुबक अक्षरात. माझ्याही सगळ्या भांड्यांवर नावं आहेत. लग्नातल्या तांब्यावर माझं, बारशाच्या वाटीवर विजयश्रीचं. डबा रिकामा परत करायचा नसतो, चिवडा करून देईन.

८ सप्टेंबर, सोमवार
सोसायटीच्या देवी मंडळाचे सोपानराव आले. दसऱ्याला लकी ड्रॉ आहे. सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाच्या नावाचं, अगदी तान्ह्या बाळाचंही, एक कुपन. बाराशे कुपनं. पुढे देवीचं चित्र आणि सहा आकडी नंबर, मागे नाव. नंबर कॉम्प्युटरने मनाला येईल तसे काढलेत, आधी कोणाला दिलाय का ते तो बघत नाही. म्हणून एकदा कोणीतरी नजरेखालून घालायला हवेत. जयमालाताईंनी माझं नाव सुचवलं म्हणे.

गठ्ठ्यावर सोपानरावांची चिठ्ठी आहे: डबल नंबर सापडला तर एक वाढवा.

किती नीट लिहिलंय. आमच्याकडेही बांगडी फोडत नाहीत, दिवा विझवत नाहीत, वाढवतात. देवीचं चित्र असलेलं कुपन रद्द करायचं, पण तसं म्हणायचं नाही. चांगल्या घरचे दिसतात सोपानराव.

९ सप्टेंबर, मंगळवार
दहा डबे मांडले. पहिला आकडा शून्य असेल तर पहिल्या डब्यात, एक असेल तर दुसऱ्यात, असं. नाव बघायचं नाही असं ठरवलंय, पक्षपात नको.

दुपारी एक जोडी सापडली. दहा लाख नंबरांत दोघांना एकच? विजूला विचारलं. ती म्हणाली, आई, यात नवल नाही. हळदीकुंकवाला बाराशे बायका आल्या आणि प्रत्येकीने प्रत्येकीला कुंकू लावलं, तर जोड्या किती? सात लाख एकोणीस हजार चारशे! एवढ्या जोड्यांत कुठेतरी नंबर जुळण्याची शक्यता अर्ध्याहून थोडी जास्तच. पटलं मला.

मग एक कुपन वाढवलं. देवीचं चित्र केरात कसं टाकणार? नमस्कार केला आणि बादलीत विसर्जन केलं. पाणी तुळशीला घातलं.

१० सप्टेंबर, बुधवार
डबा द्यायला समोर गेले. दाराला कुलूप. पाटी नाही. कडीला कोळ्याचं जाळं.

खाली गेटजवळच्या खोलीत राहणाऱ्या कोंडीराममामांना विचारलं. ते म्हणाले, तिथं कोन न्हाई ओ ताई, पहिल्यापासनं रिकामा हाय त्यो.

ह्यांना विचारलं. म्हणाले, शिरा तर तूच केला होतास.

डबा धुवून उन्हात धरला. नाव नाही. खोडलेलं नाही, घासलेलंही नाही. नुसतं गुळगुळीत.

११ सप्टेंबर, गुरुवार
काम हातात असलं की मन थाऱ्यावर राहतं, म्हणून बसले. दुसरी जोडी. विजू म्हणाली, दोन जोड्याही येतात, अशा सहा याद्या केल्या तर एकीत तरी.

एक वाढवलं. पाण्यात कुपन उलटं झालं, तेव्हा मागचं नाव दिसलं. कोंडीराम.

हात घालून काढायला गेले, बोटांना लगदा लागला.

तशीच चपला न घालता खाली गेले. गेटजवळ खोली नाही. तिथे तुळतुळीत पत्र्याची सायकल शेड आहे आणि त्यात धूळ खात पडलेल्या सायकली, वर्षानुवर्षांच्या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
सोपानरावांकडे गेले. चिठ्ठी पुढे धरली. ते मोठ्याने हसले. म्हणाले, अहो वहिनी, वाढवा म्हंजे एक मिळवा! शेवटच्या आकड्यात एक मिळवायचा, म्हंजे दोघंबी राहिली, कोनाचं मन नको दुखायला. तुमी काय इझवायला निघाला व्हय?



कोंडीराममामांचं विचारलं. कोण कोंडीराम, म्हणाले. कुपनं किती होती विचारलं. अकराशे अठ्ठ्याण्णव, पहिल्यापासून. वर मागे वळून बघा, मी सोमवारी बाराशे लिहिलंय. माझ्या हाताने लिहिलंय.

भवानीआई, मी दोन माणसं वाढवली.

१३ सप्टेंबर, शनिवार
शेवटचा डबा उघडायचा नव्हता. पण कुपनं सोमवारी द्यायचीत आणि मी डबा उघडला नाही तर दुसरं कोणीतरी उघडेल—

जोडी आहे. ९४८३१६. आणि ९४८३१६.

या वेळी आधी नावं बघितली. सौ. रुपाली नवनाथ केकाण. कु. विजयश्री नवनाथ केकाण.

दोन्ही देवीपुढे ठेवली. काही वाढवणार नाही. काही करणारच नाही.

संध्याकाळी विजू कॉलेजातून रडत आली. हजेरीत तिचं नाव घेतलं नाही. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, तू या वर्गातली आहेस का? तिच्या मैत्रिणींनीही ओळख दाखवली नाही.

बारशाची वाटी बघितली. ‘श्री’ गेलाय.

१४ सप्टेंबर, रविवार
दोघींना एकाच नंबरावर राहता येत नाही. काही केलं नाही तरी जातंय. आधी तिचं जातंय.

सोपानरावांनी सांगितलं तसं केलं. पेनने एक मिळवला. सहाचा सात. मग खात्रीसाठी डब्यात बघितलं तर ९४८३१७ आहे. कोरडं, कोरं करकरीत. मागे जयमाला.

आठ केला. ९४८३१८. कोंडीराम.

मी यांना पाण्यात घातलं होतं.

नऊ— तिथे मीच आहे. पुढे वीस— तिथे विजू. एकवीस, मी. किती मिळवू—

विजूला विचारलं, असं होण्याची शक्यता किती. ती बराच वेळ वहीत काहीतरी करत राहिली. मग म्हणाली, आई, याला शक्यता म्हणत नाहीत.

दुपारी हे जेवायला बसले. दोनच ताटं का, म्हणाले नाहीत. तीन ताटं का, म्हणाले. मग हळूच आत येऊन मला विचारलं, बाहेर बसलीय ती मुलगी कोणाची.

वाटीवर फक्त ‘वि’.

१५ सप्टेंबर, सोमवार. अविधवा नवमी
आज सवाष्ण गेलेल्या बायकांची तिथी. तिथी बरी आहे.

सकाळी वाटी बघितली. ‘वि’ची वेलांटी उरलीय. तिला हाक मारली तर ओ द्यायला वेळ लागला, जणू कोणा दुसऱ्याला मारली.

पूजा झाली. विजूच्या डब्यात मेथीचे पराठे भरलेत. ह्यांची गोळी रात्री जेवणानंतर, हे कोणीतरी लक्षात ठेवा. कुरडयांचा डबा वरच्या फळीवर, मागे.

नमस्कार केला. नाव नीट बघून घेतलं, दोनदा. माझंच. बादलीत—

विरघळायला वेळ लागत नाही.

वाटी हातात आहे. वि. वि ज. अक्षरं वर येतायत, पाण्यातून यावीत तशी. विजयश्री. पूर्ण. भवानीआई, पूर्ण आलं.

तांब्या बघितला. गुळगुळीत.

विजू खोलीतून आली. चेहरा टवटवीत. डबा उचलला, पराठे बघून हसली. मग मला बघितलं. घाबरली नाही, चांगल्या वळणाची आहे. म्हणाली, काकू, तुम्हाला कोणाकडे जायचंय?

तिला सांगितलं, निघतेच आहे. जाते म्हणायचं नसतं, म्हणून येते म्हटलं. ती म्हणाली, या.

दारात बसून लिहितेय. वही तिच्याकडे देऊन जाईन. पहिल्या पानापासून वाच म्हणेन, कोणाची आहे ते तरी— नाव घालायचं राहिलंय वहीवर. भांड्यांवर घातलं, वहीवर नाही. आता घालते. मागच्या पानावर आहे माझं, शनिवारच्या, बघून लिहिते— तिथे सौ. आहे आणि पुढे जागा—

आठवतंय. येतंय. र आहे त्यात. र ला उकार.

सौ. रु