मापाची गाडी

३ मार्च
नोकरी लागली! गॅरेजवरची खोली माझी. खिडकीतून ऊन येतं, पुस्तकांना फळीसुद्धा आहे. काम एकच: मालकांची जुनी इंग्लिश स्पोर्ट्स गाडी पुसायची, सीटच्या चामड्याला तेल लावायचं, उसवलं तिथे टाके घालायचे. मालक परदेशी असतात. पत्र्याचं काम करणाऱ्या काकांनी समजावलं, की ही साच्यातून काढलेली गाडी नव्हे. आधी लाकडाचा सांगाडा, त्यावर हाताने ठोकलेला पत्रा, आणि सगळं घेणाऱ्याच्या मापाने, शिंप्याकडच्या कोटासारखं. मी बसून पाहिलं, तर पाय पेडलपर्यंत पोचेनात. काका म्हणाले, मावशी, तुम्हाला दोन उशा आणि एक शिडी लागेल. मी खूप दिवसांनी हसले.

९ मार्च
लेकीचा फोन. आई, हट्ट पुरे, इकडे ये म्हणाली. गुणाची आहे पोर. पण तिच्याकडे मी सोफ्यावर निजते आणि कुणी आलं की चादरीची घडी करून उभी राहते. हे गेल्यापासून माझ्या मापाची जागा कुठे उरलीच नाही. येत नाही म्हटलं.
टाके घालायला गाडीत बसले, तर पाय पेडलला टेकले. काकांनी सीट पुढे घेतली असावी.

१४ मार्च
काका म्हणतात, ही सीट सरकतच नाही, लाकडात पक्की बसवलेली आहे. मग म्हणाले, तुम्हीच वाढलात, मावशी.
आरसाही माझ्या डोळ्यांसमोर आलाय. पाठीत कळ येते, बरोबर तिथे गादीला उंचवटा. भ्यायला हवं होतं. मला बरं वाटलं.

१९ मार्च
शेजारच्या सीटवर खळगा पडलाय, उजवीकडे जास्त खोल. हे तसेच बसायचे. डावा गुडघा दुखायचा, म्हणून सगळा भार उजवीकडे. हात ठेवला. ऊब होती.
दुपारभर त्यांना वाचून दाखवलं, पूर्वीसारखं.

२२ मार्च
उतरताना खांदे अडले. दार अरुंद झालंय. काकांनी पत्र्यावर हात फिरवला आणि या वेळी थट्टा केली नाही. म्हणाले, पुन्हा आत पाऊल टाकू नका, लेकीकडे जा. लेकीला फोन केला. उद्या येते म्हटल्यावर रडलीच.

२३ मार्च
वही-पुस्तकं पिशवीत भरली. ह्यांचा निरोप घ्यावा, म्हणून पिशवी मांडीवर घेऊन एकदाच बसले—
दार लागलं. खटका हलत नाही. काकांना हाका मारल्या. पत्रा ठणठणतोय, कुणी ठोकून बसवत असल्यासारखा. बाहेर कुणी नाही.

टप केसांना टेकला. स्टिअरिंगचं चाक छातीवर. कोपर हलत नाही, अक्षर—

लेक माझ्या बसची वाट बघत—

शेजारची सीट फुगून वर आली. सपाट. गार. हे नव्हतेच इथे. गाडीने माप घेतलंय ते माझ्या एकटीचं—