उन्हाची बाजू

४ मार्च

चि. काटेरी भावास,
अ. आ.

तुझ्या काचघरातली निवडुंगं ठणठणीत असतील. इथे बाबांचं मात्र काही खरं नाही. आई गेल्यावर त्यांना माझ्याकडे आणलं, तेव्हापासून सकाळी उठले की भिंतीवर डोकं आपटून घेतात. नजर अधू असूनही जुन्या घरात काठीशिवाय फिरायचे ना रे! काल कपाळाला खोक पडली. डॉक्टरांना डोळ्यांपेक्षा डोक्याचं दुखणं वाटतंय. मी दिवसभर शाळेत, घरी बघायला कोणी नाही. वृद्धाश्रमात जागा आहे, महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. मला भीती वाटते. तू नेहमीसारखा विषय गमतीत उडवू नकोस.

लोभ वाढव, नुसते काटे वाढवू नकोस.

तुझी ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. गंमत करत नाही, पण निवडुंगाचं ऐकून घे. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेली त्याची बाजू निबर होते, सावलीतली कोवळीच राहते. म्हणून उपटण्याआधी आम्ही उन्हाच्या बाजूला लाल दोरा बांधतो आणि नव्या जागी तीच बाजू उन्हाकडे ठेवतो. गेल्या महिन्यात घाईत माझा दोरा राहिला. माझ्याहून उंच झाड उलटं बसलं, कोवळी बाजू भाजून पांढरी पडली. ते अंग आता भरून येत नाही.

बाबांचा पलंग कसा लावलास? जुन्या घरी त्यांच्या उजवीकडे भिंत होती आणि डावीकडे दार. जन्मभर ते डावीकडेच उतरले. आता डावीकडे भिंत तर नाही ना आली? आधी पलंग फिरव, मग आश्रमाला काय ते कळव.

शिकवतोय म्हणून रागाव हवं तर, पण लोभ आटवू नकोस.

तुझा धाकटा


१५ मार्च

चि. भावास,
अ. आ.

तू म्हणालास तसंच निघालं. पंख्याचा वारा लागावा म्हणून मीच शहाणपणा केला होता. शेजाऱ्यांना बोलावून पलंग फिरवला. दुसऱ्या दिवशी बाबा डावीकडून उतरले, थेट दाराबाहेर आले आणि चहा झाला का म्हणून विचारू लागले. मी ओट्याशी उभी राहून रडून घेतलं. आश्रमाला नको म्हणून कळवलंय. मी शाळेत असताना शेजारच्या काकू त्यांच्याजवळ बसतील.

पण एक राहिलं. इथे आल्यापासून ते मधोमध झोपायचे. आता भिंतीकडची अर्धी जागा सोडून अगदी कडेला झोपतात. आज पांघरूण सारखं करायला गेले, तर हळू आवाजात म्हणाले, धक्का लावू नकोस, तुझ्या आईला आत्ताच डोळा लागलाय.

मी त्या बाजूलाही पांघरूण घातलं आणि दार लोटून घेतलं.

जमेल तितक्या लवकर ये. लोभ आहेच, तो घेऊन ये.

तुझी ताई