कापश्याला पाठवायचं की नाही

ता. ११ जून

ती. वन्सं यांना नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. डाव्या हाताने लिहिलेलं असूनही रागाचा शब्द न् शब्द लागला, तेव्हा तब्येत सुधारते आहे असं मी धरून चालते. प्लास्टर कधी निघणार ते मात्र लिहिलं नाहीत. इकडे सगळं ठीक. ह्यांची कंबर आहे तशीच आहे. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा गळायचा थांबला. समोरच्या इमारतीला रंग चाललाय म्हणून खिडक्या बंद असतात, आणि आत मी, तुमचे बंधुराज आणि तो गुन्हेगार, असे तिघं दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसतो.

आता त्या गुन्हेगाराचं. कुत्र्याला शाळेत घाला, नाहीतर त्या घराची पायरी चढणार नाही, असं तुम्ही लिहिलंत. तुमचं काही चुकलं नाही. भावाकडे दोन दिवस राहायला आलेल्या बाईला निघताना दारातच धडक बसावी आणि मनगट मोडून घरी जावं लागावं, याला काय म्हणायचं! पण तुम्ही त्याला ‘आडदांड जनावर’ म्हणालात ते मला लागलं. आमच्या सोफे दुरुस्तीच्या दुकानात एका जुन्या सोफ्याचा कापूस उपसला तेव्हा त्या ढिगात मुठीएवढं पिल्लू सापडलं होतं, ते हेच. मीच बोळ्याने दूध पाजलंय त्याला. अजून वर्षाचाही नाही.

तरीही मी तुमचं म्हणणं मनावर घेतलं. कारण तुम्हाला पाडल्यानंतर त्याने आणखी एक प्रताप केला. मी त्याला घेऊन बेकरीपाशी उभी होते. हे रस्त्याच्या पलीकडे पेपर घेत होते. पिशवी सावरताना माझ्या हातून पट्टा सुटला. मी ओरडले, “कापश्या!” त्याने ऐकलं, वन्सं. कान टवकारले, माझ्याकडे पाठ केली आणि सरळ पलीकडे धावत सुटला. ट्रकचे ब्रेक असे लागले की बेकरीवाला बाहेर आला. ड्रायव्हरने खाली उतरून आम्हा तिघांचा उद्धार केला आणि आम्ही तो मुकाट्याने ऐकून घेतला.

मग मी चौकशी केली. शहराबाहेर एका बाईंचं मोठं आवार आहे. त्या कुत्र्यांना दीड महिना ठेवून घेतात, वळण लावतात आणि परत देतात. वसतिगृहच म्हणा. पण त्यांची एक अट असते. आधी त्या घरी येऊन बसतात, घर बघतात, मगच हो किंवा नाही सांगतात. मला वाटलं, मुलगी दाखवायची असते तसं कुत्रं दाखवायचं. मी घर झाडून-पुसून लख्ख केलं. बाईंनी घराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या चहा घेत नुसत्या बसल्या. आम्ही आपले नेहमीसारखे वागत होतो. हे म्हणाले, “कापश्या, बाईंच्या चहात साखर बेताची घाल म्हणावं.” मी म्हटलं, “कापश्या, साखर विचारूनच घातलीय म्हणावं.” हे म्हणाले, “कापश्या, बिस्किटं कुठे ठेवलीत विचार.” आणि तो आपला माझ्याकडून ह्यांच्याकडे, ह्यांच्याकडून माझ्याकडे, शेपटी हलवत नुसता पळतोय.

बाईंनी कप खाली ठेवला. मला खोलीच्या एका टोकाला उभं केलं, ह्यांना दुसऱ्या. मला म्हणाल्या, हाक मारा. मी हाक मारली, तो उठला आणि ह्यांच्याकडे गेला. ह्यांनी हाक मारली, तर माझ्याकडे आला. पुन्हा तेच, पुन्हा तेच. एकदाही चुकला नाही हो!

“बिचाऱ्याला नाव पक्कं कळतंय,” बाई म्हणाल्या. “नाव कानावर पडलं की दुसऱ्याकडे जायचं. हे कुणी शिकवलं?”

आम्ही दोघांनी कानावर हात ठेवले.

पण माझ्या डोळ्यांपुढे तो रस्ता आला. मी हाक मारली म्हणूनच तो पलीकडे धावला होता. गप्प राहिले असते तर कदाचित माझ्या पायाशीच घुटमळला असता. आणि तुमचं मनगटही त्यातच गेलं. तुम्ही दारात चपला घालत होतात, मी बाहेर जिन्यात तुमची पिशवी घेऊन उभी होते आणि ह्यांनी आतून आवाज दिला, “कापश्या, ताईची औषधं राहिली म्हणावं.” तो माझ्याकडे निघाला, मध्ये तुम्ही होतात. तुम्हाला आठवत असेल, आदल्या दिवशी तुम्हीच कौतुकाने म्हणाला होतात, “किती गोड बोलता गं दोघं त्याच्याशी.” मी तेव्हा हसून वेळ मारून नेली.

बाई उठताना म्हणाल्या, “मी त्याला ठेवून घेईन. शहाणा आहे, लवकर शिकेल. पण परत आल्यावर घर असंच असलं तर आठवड्यात विसरेल. पाठवायचा की नाही, ते तुम्ही दोघं बोलून ठरवा.”

बोलून ठरवा म्हणे! त्या गेल्या. हे खुर्चीत बसले. “काप...” एवढं म्हणाले आणि थांबले. मी भाजी निवडायला घेतली. आता पाठवला तर दीड महिना या घरात चकार शब्द ऐकू येणार नाही, आणि नाही पाठवला तर एखाद दिवशी तो माझ्याच हाकेने चाकाखाली जाईल. काय करावं ते सुचत नाही.

ठरलं की कळवते. दुकान कसं चाललंय विचारलंत. चांगलंच चाललं असेल. तुमच्या मुलाला विचारा.

तुमची
भावजय


ता. २६ जून

ती. वन्सं यांना नमस्कार.

उलट टपाली पत्र पाठवलंत आणि त्यात एकच प्रश्न. नवराबायको कुत्र्यामार्फत का बोलतात? मागच्या खेपेला मी ते लिहायचं टाळलं, कारण त्या उत्तरात तुम्हीही आहात. आज लिहिते. रागावायचं तर रागवा.

तुम्ही ह्यांना म्हणालात, माझ्या मुलाचं कुठे बस्तान बसत नाही, त्याला काहीतरी लावून दे. ह्यांची कंबर धरलेली. तुमच्या शब्दाबाहेर ते कधीच नव्हते. त्यांनी दुकानाची किल्ली भाच्याच्या हातात ठेवली. ठेवली ते ठेवली, पण मला कधी सांगितलं माहीत आहे? संध्याकाळी घरी आले, चपला काढल्या, माझ्याकडे न बघता पिल्लाला मांडीवर घेतलं आणि त्याला म्हणाले, “कापश्या, सांग तिला, उद्यापासून दुकानात यायची गरज नाही. दुकान भाच्याला दिलं.”

वन्सं, सोफ्याची चौकट, स्प्रिंगा आणि फोम हे करायचे. पण लोकांना दिसतं ते कव्हर. ते कापणं, शिवणं, कडेचा गोट सरळ बसवणं, हे सगळं लग्न झाल्यापासून माझ्या हातचं. खिडकीजवळच्या माझ्या मशीनवर मी भर कामात एक चादरसुद्धा कधी कुणाला टाकू दिली नाही. आणि मला निरोप कुत्र्याच्या तोंडी!

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मीही कापश्याला म्हटलं, “सांग त्यांना, कळलं म्हणावं.” तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. मी काही बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि भांडायचं नव्हतं मला. भांडले तर मिटवावं लागतं. मला मिटवायचंच नव्हतं.

आता पुढचं ऐका. बाई येऊन गेल्यावर आठवडाभर घरात शुकशुकाट. शेवटी गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी हे आले आणि कुत्र्याची वाटी, पट्टा, अंथरूण एका पिशवीत भरायला लागले. मी बघत होते. भरून झाल्यावर म्हणाले, “कापश्या, सांग तिला, बाईंना फोन केलाय. उद्या सकाळी गाडी येईल.”

तो धावत माझ्याकडे आला. निरोप आणला ना त्याने! शेपटी हलवत उभा. त्याला काय ठाऊक, त्यालाच घालवायचा निरोप तो आणतोय!

मग मात्र माझा बांध फुटला. मी ओरडले, “अहो, हे तरी मला विचारा!”

पिशवी ह्यांच्या हातातच राहिली. मी थांबले नाही. बाई म्हणाल्या होत्या बोलून ठरवा, तुम्ही पुन्हा एकट्याने ठरवून मोकळे! दुकान दिलंत, कुत्रं देताय, उद्या मलाही कुठे देऊन टाकाल आणि कुणाच्या तरी हाती निरोप पाठवाल. एवढी वर्षं एका छताखाली खिळे ठोकले आणि टाके घातले, आणि तुम्हाला माझ्या तोंडाकडे बघून एक वाक्य बोलता येत नाही? मला काय काय आठवलं ते सगळं बोलले. शेजारच्यांनी रेडिओ बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं म्हणून.

हेही चढ्या आवाजात बोलले. तू तरी कुठे विचारलंस म्हणाले. कंबर वाकत नाही हे मला कबूल करवत नव्हतं म्हणाले. मी गेलो नाही तर तू एकटी दुकानात काय करशील असं वाटलं म्हणाले. मी म्हटलं, काय करीन म्हणजे? जे रोज करते ते! त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, “तुझ्याकडे बघून सांगायचा धीर झाला नाही. तू नाही म्हणाली असतीस तर ताईला काय सांगू, हेच डोक्यात होतं.” डोळे भरून आले होते त्यांचे. मीही रडले. दया आली म्हणून नाही, राग जाईना म्हणून.

कापश्याचं नाव त्या सगळ्यात एकदाही निघालं नाही. तो थोडा वेळ दोघांच्या मध्ये बसून बघत राहिला, मग कंटाळून टेबलाखाली झोपून गेला.

सकाळी बाई गाडी घेऊन आल्या. आम्ही दोघं दारात उभे होतो, दोघांचेही डोळे सुजलेले. बाईंनी एकदा आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “गाडी रिकामीच नेऊ ना?” मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे, आणि ‘हो’ मी म्हटलं. आता दर रविवारी आम्ही दोघांनी त्याला घेऊन त्यांच्या आवारात जायचं ठरलंय. शिकायला तिघांनीही, असं बाईंनी बजावलं.

एकदम सगळं गोड झालं असं समजू नका. ह्यांच्या तोंडून अजूनही दिवसातून चारदा “कापश्या, विचार तिला” निघतं. मग मी बहिरी होते. काल पट्ट्याला लांब दोरी बांधून मोकळ्या गल्लीत हाक मारून बघितली. तो उठला, सवयीने ह्यांच्याकडे वळला. हे दोन्ही हात मागे बांधून आकाशाकडे बघत उभे राहिले, जशी काही मी त्यांची कुणी नाहीच. गोंधळला बिचारा. मग हळूहळू माझ्याकडे आला. मी त्याला इतकं कुरवाळलं की तो घाबरला.

आता दुकानाचं. सोमवारपासून मी परत मशीनवर बसणार आहे. तुमच्या मुलाला हे तुमच्याकडून कळू नये, म्हणून मी स्वतः जाऊन त्याला सांगून आले. आधी त्याचं तोंड उतरलं. मग म्हणाला, “मामी, बरं झालं, कव्हरं शिवायला माणूस मिळत नव्हता आणि तुम्हाला विचारायची भीती वाटत होती.” तुमच्याच घरचं रक्त ते! तो आहे तिथेच राहील, मी त्याला काढणार नाही. पोरगा कामाचा आहे.

हे पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. तुमच्याबद्दलचं वाक्य गाळ म्हणाले. मी नाही गाळलं.

वन्सं, तुम्ही मोठ्या आहात, मनगट बरं झालं की या, मी तुमचं सगळं करीन. फक्त एक ऐका. मला विचारलं असतंत, तर तुमच्या मुलासाठी मी कदाचित हो म्हटलं असतं. पुढच्या वेळी काही हवं असलं, तर मला मागा.

तुमची भावजय,
दुकानाची अर्धी मालकीण