समजून ऐकणारा पहिला

४ जानेवारी, रविवार, सकाळी ६.४०
संकल्प. या वर्षी शंभरपेक्षा कमी श्रोते असलेल्यांनाच ऐकायचं. शंभराच्या वर गेलं की गाणं नासतं. माझ्या रविवारच्या ई-पत्रकात तसं स्पष्ट लिहिलं. सभासद एकोणीस, मेहुणा आणि मी धरून. थोडे आहेत, पण निवडक.
चष्म्याच्या दुकानात दिवसभर डोळे तपासतो. लोकांचे कान कोण तपासणार?

११ जानेवारी
सापडली! गाण्यापुरतं नाव ‘तिसरा मजला’. राहते तळमजल्यावर. सगळं एकटी करते. जुना कीबोर्ड, लॅपटॉप, आणि कपाटात रजई टांगून आत तोंड घालून म्हटलेली गाणी. श्रोते अकरा. म्हणजे मी बारावा. पण समजून ऐकणारा पहिलाच.
बायकोला ऐकवलं. म्हणाली, छान आहे, पण ही मुलगी बरी आहे ना? गाण्याबद्दल विचारावं तर ही माणसाबद्दल बोलते. फिजिओथेरपिस्ट आहे, सवय लागलीय.

१३ जानेवारी, दुकानात
‘तिसरा मजला’ला मेल. एकूण सव्वीस सूचना. पैकी चार नावाबद्दल.

२० जानेवारी
उत्तर आलं. थँक यू काका, एवढंच. काका! मी त्रेचाळीसचा आहे. आदराने म्हणाली असणार. सूचनांबद्दल अवाक्षर नाही. पचायला वेळ लागतो.

२ फेब्रुवारी
आमच्या हॉलमध्ये तिचा कार्यक्रम करायचा. तयार झाली. चाळीस श्रोते. बायको म्हणाली, चाळीस जण बसणार कुठे, एकमेकांच्या मांडीवर? मी म्हटलं, जरा दृष्टी ठेव. ती म्हणाली, ते काम तुझं, तू चष्मेवाला.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
पार पडला. दर्दी श्रोते चार. बायको, मेहुणा, दुकानाचे मालक, आणि खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर. त्या आवाजाची तक्रार करायला आल्या होत्या, पण बसल्या.
प्रास्ताविक मी केलं. पाच मिनिटं ठरवली होती, चाळीस झाली. लोक रंगले होते. मेहुणा मोबाइलवर नोट्स घेत होता. तिचा छोटा रेकॉर्डर तर पहिल्यापासून चालू होता. माझा शब्दन् शब्द जपून ठेवावासा वाटला असेल तिला.
मग मालकांना घाई झाली, म्हणून तीनच गाणी झाली. दोन गाण्यांच्या मध्ये मी अर्थ सांगत होतो.
नंतर ती तासभर स्वयंपाकघरात बायकोशी बोलत बसली. काय बोलत होती विचारलं. आईबद्दल, म्हणे. आई गेल्या वर्षी गेली, सगळी गाणी तिच्यावरचीच आहेत. मी तर ती शहरी माणसाच्या तुटलेपणावर आहेत असं पत्रकात लिहून बसलोय. पण माझंही चूक नाही. कलाकाराला स्वतःचं गाणं कळतंच असं नाही.

३ मार्च
तिचा लांबलचक मेल. काहीतरी परवानगी मागते आहे. पहिल्या ओळीत आभार मानलेत. लगेच उत्तर दिलं: माझं ते सगळं तुझंच, खुशाल घे. बाकीचं निवांत वाचीन.

१९ मार्च
निवांतपणा नाही. दुकानात शाळेच्या पोरांची रांग.
ती बायकोला फोन करते. मला नाही. कसल्या गप्पा मारतात? बायकोला साधा सिंथेसायझर म्हणजे काय ते माहीत नाही.

५ एप्रिल
तिचे श्रोते चार हजार. कुठल्याशा रेडिओवाल्याने वाजवलं. झालं, नासली. पत्रकात श्रद्धांजली लिहिली. यापुढे तिचं एकही गाणं ऐकणार नाही.

६ एप्रिल
ऐकलं. दोनदा. अभ्यास म्हणून.

२६ एप्रिल
तिचं नवं गाणं. मन मोठं करून मान्य करतो, जबरदस्त आहे. सुरुवातीला कुणा गृहस्थाचा फुगीर आवाज: तुम्हाला कळणार नाही, मी सांगतो. तेवढंच वाक्य पुन्हापुन्हा. हळूहळू तुकडे होत जातात, खाली ठेका येतो, आणि शेवटी नुसतं मी, मी, मी उरतं. एखादा पंप बिघडावा तसं.
पत्रकात लिहिलं: ‘इतका अस्सल अतिशहाणा हिला मिळाला कुठे? असा एकजण घरोघरी बसलेला असतो. त्याच्या घरच्यांची दया येते.’ पाचपैकी पाच. सकाळी अकराला सगळ्यांना पाठवून दिलं.

२७ एप्रिल
मेहुण्याचा फोन. हसू आवरत नव्हतं. म्हणाला, दाजी, मानलं, याला काळीज लागतं. मी थँक्स म्हटलं.
संध्याकाळी बायकोला गाणं ऐकवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले. म्हणाली, अरे, हा तू आहेस. मी म्हटलं, शक्यच नाही, माझा आवाज खर्जातला आहे. तिने गाणं परत पहिल्यापासून लावलं. आवाजाच्या मागे आमच्या फ्रीजची घरघर होती.
मी म्हटलं, न विचारता? ती म्हणाली, विचारलं होतं, मेल बघ. बघितला. तीन मार्चचा. वाक्यसुद्धा लिहून पाठवलं होतं. खाली माझं ‘खुशाल घे’.
बायकोला तिने फोनवर आधीच सांगितलं होतं. मला सांगितलं का नाहीस म्हटलं. म्हणाली, सांगायला लागले होते, तू म्हणालास थांब, तुला कळणार नाही, मी सांगतो.

२८ एप्रिल
सभासदांना खुलासा पाठवला. परवाचं परीक्षण म्हणजे आत्मपरीक्षणाचा प्रयोग होता. उत्तर एकाचंही नाही. तिघे गळाले.
दुकानात एक बाई खुर्चीत बसल्या. खालची ओळ वाचा म्हटलं, तर म्हणाल्या, तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय.

१७ मे
मोठ्या हॉलमध्ये तिचा कार्यक्रम, दुपारी चारला. दोन तिकिटं आली, बायकोच्या नावाने. मी तत्त्व म्हणून गेलो नाही. ती भावाला घेऊन गेली. मी घरी नवे कलाकार शोधले. एकही धड नाही.

१८ मे, सकाळी ८.१५
काल ती आल्यावर काही विचारलं नाही. आज विचारलं. छान झाला, म्हणाली. पाचशे लोक होते. त्या गाण्याला गर्दी हसली का विचारलं. नाही म्हणे, हसत नाहीत, ते वाक्य सगळे मिळून म्हणतात, जोरात, हात वर करून. मी विचारलं, आणि तू?
ती कामावर निघाली होती, बुटाची लेस बांधत होती. म्हणाली, आधी गप्प होते. मग म्हटलं. घसा बसेपर्यंत म्हटलं. फार बरं वाटलं.