छज्ज्याखालचा कॅमेरा

४ तारीख, सोमवार

कॅमेरा चालू झाला. कॅमेरेवाल्याने माझ्या मोबाइलवर गेटचं चित्र दाखवून तसं जाहीर केलं, आणि खात्री पटावी म्हणून गेटपाशी जाऊन दोन्ही हात हलवले. आई खळखळून हसली. ती अशी हसून किती दिवस झाले.

घर मनासारखं मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे फरशीचं अंगण, मग लोखंडी गेट. दारावर सिमेंटचा छज्जा, त्याखाली कॅमेरा. आईची खोली पुढच्या बाजूला, खिडकीला भक्कम जाळी. हॉस्पिटल चालत जाण्याजोगं. एक्स-रे विभागात मी नवी, पण मशीन ओळखीचं निघालं. परक्या गावात माहेरचं माणूस भेटावं तसं वाटलं.

छज्ज्याखाली आधीच्या भाडेकरूच्या कॅमेऱ्याची पट्टी होती. ती गेटकडे नव्हती, सरळ वर, छज्ज्याच्या पोटाकडे वाकवलेली होती. कॅमेरेवाला म्हणाला, बुवांना पालींची शिरगणती करायची असणार. त्याने पट्टी वाकवून गेटकडे वळवली आणि तिच्यावरच आमचा कॅमेरा बसवला.

कॅमेरा हा दादाचा हट्ट. आई हल्ली विसरते. कधी गॅस, कधी चपला, कधी मला वहिनीच्या नावाने हाक मारते. दादाला तिला वृद्धाश्रमात ठेवायचंय. मी भांडून तिला इकडे आणलं. एकवीस तारखेला तो येणार. तोवर आई नीट राहिली तर इथेच, नाहीतर तो गाडीत बसवून नेणार. नेऊन तर दाखव म्हणावं.

६ तारीख, बुधवार

दिवसा चित्र आरशासारखं. अंधार पडला की कॅमेरा ‘टक्’ असा बारीक आवाज करतो, चित्र काळंपांढरं होतं आणि सगळी माती होते. वरच्या कोपऱ्यात पांढराफटक डाग, बाकी काळोख. गेटपाशी एक पुसट फराटा. असली एक्स-रेची प्लेट मी डॉक्टरांपुढे ठेवली असती तर त्यांनी ती माझ्या डोक्यात घातली असती.

कॅमेरेवाल्याला फोन केला. त्याचं म्हणणं, कॅमेऱ्यात माणसाला न दिसणारा दिवा असतो. जवळ काही असलं की त्याचा उजेड तिथेच आपटून परत येतो आणि चित्र भाजतं. छज्जा जवळ आहे, म्हणून डाग. मग तिथे बसवला कशाला, असं विचारलं तर म्हणे पट्टी आयतीच होती.

९ तारीख, शनिवार

सकाळी आईला दूधवाला हाताला धरून घेऊन आला. गेटच्या बाहेर पायरीवर बसली होती. रात्रभर, अंगावर शाल नाही.

दादाला सांगायचं नव्हतं, पण आईनेच फोनवर सांगून टाकलं. गेटपाशी एक माणूस असतो, तो फार भला आहे, असंही सांगितलं. दादा मला म्हणाला, झालं समाधान? मी म्हटलं, खरंच कोणीतरी तिला बाहेर बोलावत असेल. त्याने पुरावा मागितला. मी रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात आई दारातून निघून गेटकडे जाते, आणि तिच्या शेजारी तो फराटा. दादा हसत सुटला. म्हणाला, जन्मभर लोकांची हाडं टिपतेस आणि तुला एक धड माणूस टिपता येईना. चेहरा दाखव, मी मान्य करतो.

दाखवते. चेहराच दाखवते.

१२ तारीख, मंगळवार

कॅमेरेवाला चार वेळा टाळून अखेर आला. त्याने कॅमेरा छज्ज्यापासून हातभर पुढे काढला, काच मऊ कापडाने पुसली, आतला दिवा बंद केला आणि वेगळा दिवा बाजूच्या भिंतीवर लावला. जाता जाता त्याने सांगितलं, अंधारात कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो, त्यामुळे हलणारं सगळं फरफटलेलं दिसतं. मला हे सांगतोय. श्वास रोखा, हलू नका, हे मी दिवसातून पन्नासदा म्हणते.

काळोख होईपर्यंत त्याला थांबवून घेतलं. टक्. चित्र कितीतरी सुधारलं, पण पांढरा डाग होता तिथेच. कॅमेरा पुढे आला तर डागही पुढे आला. तो म्हणाला, कोळ्याचं जाळं असेल, आणि शिडी चढला. वर त्याने काय पाहिलं कोण जाणे, जाळं नाही एवढंच पुटपुटत उतरला आणि पेचकस इथेच टाकून गेला. आता फोन उचलत नाही. कामचुकार मेला.

१४ तारीख, गुरुवार

पेचकस माझ्याकडे, अक्कलही माझ्याकडे. अंगणातला मोठा बल्ब चालू ठेवला, दिवा गेटकडे वळवला, कॅमेऱ्याचा डोळा लवकर मिटेल असं सेटिंग केलं. आज सकाळी रेकॉर्डिंग लावलं आणि चहा गार झाला.

माणूस आहे. मध्यम वयाचा, अंगात सदरा, गेटबाहेर घराकडे तोंड करून उभा. जागचा हलत नाही. हलते फक्त मान, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. रात्रभर. म्हणून तो फराटा.

आईला दाखवलं. ती ओळखीचं हसली. मी विचारलं, हा तुला बोलावतो का?

“बोलावत नाही गं, ठमे. तो नको म्हणतो.”

काय नको, ते तिला सांगता येईना. माझा पारा चढला. काल रात्रीही ती त्याच्याकडे गेलीच होती. तिच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली. रडली. रडू दे. वृद्धाश्रमात याहून मोठं कुलूप असतं.

१७ तारीख, रविवार

घरमालकिणीला त्या माणसाचा फोटो पाठवला. तासाभराने तिचा फोन. आधी म्हणाली ओळखत नाही. मी पोलिसांचं नाव काढताच कबूल झाली. हा आधीचा भाडेकरू. शेवटीशेवटी घरात झोपायलाच तयार नव्हता, गेटबाहेर उभा राहायचा. ती समजवायला आली की नुसती मान हलवायचा. एका सकाळी तिथेच गेलेला सापडला.

हे आधी का सांगितलं नाही, असं विचारलं. तर म्हणे, तो घरात थोडाच मेला, बाहेर मेला.

बाईचं थोबाड फोडावंसं वाटलं.

भीती? वाटते. पण राग जास्त. मेला तर मेला, माझ्या आईला का ओढतो? रात्री खिडकीतून त्याला शिव्या घातल्या. कडी आता संध्याकाळपासूनच लावते. आई आतून दार वाजवत राहते.

१९ तारीख, मंगळवार

दादाने मान्य केलं नाही. कोणीही रस्त्यावर उभं राहू शकतं, म्हणाला. परवा येणारच.

दुसरा कॅमेरा आणला. गेटच्या खांबावर बसवला, घराकडे तोंड करून. तो येतो कुठून, जातो कुठे, सगळं टिपीन. दादाच्या तोंडावर मारीन.

२० तारीख, बुधवार, संध्याकाळ

हॉस्पिटलात दोन पाळ्या एकदम करायला लावल्या. आई दिवसभर कडीत. जेवणाचं ताट तसंच आहे. आता तिच्या पलंगावर बसून लिहितेय. ती माझा हात सोडत नाही.

कालचं रेकॉर्डिंग आत्ता पाहिलं.

गेटवरच्या कॅमेऱ्यात तो माणूस नाही. घर आहे. दार, आईची खिडकी, छज्जा, सगळं लख्ख. आणि छज्ज्याच्या पोटाला, जुन्या पट्टीच्या बरोबर वर—

तो डाग. डाग नाही. हात छताला टेकलेले, पाय टेकलेले, पाठ खाली. लांब. डोकं उलटं लोंबतंय, कॅमेऱ्याच्या कडेने, आईच्या खिडकीत पाहत.

इतकी स्वच्छ प्लेट माझ्या हातून कधी निघाली नाही. कुठे फरफट नाही. रात्रभरात केसाएवढं हललेलं नाही. असा श्वास कोणी रोखत नाही.

आधीच्याने पट्टी वर का वळवली ते कळलं. तो कोणाकडे बघून मान हलवतो तेही.

आईला विचारलं. रात्री त्याच्याकडे का जायचीस? तिला आज सगळं नीट आठवत होतं.

“मी त्याच्याकडे नव्हते गं जात. मी इथून जात होते.”

मी तिला रोज आत कोंडलं.

फोटो दादाला पाठवला. त्याचं उत्तर: आता कसं स्वच्छ आलं. पण माणूस कुठंय? आणि छताला ते पांढरं काय बांधून ठेवलंयस?

चपला घालते. आईला घेऊन गेटबाहेर—

२०, नंतर

टक्. दोन्ही कॅमेरे.

आम्ही आईच्या खोलीच्या दारापर्यंत पोहोचलो आणि कडी पडली. बाहेरून. घरात आम्ही दोघीच.

ढकललं. लाथा घातल्या. ही कडी मीच भक्कम बघून आणली. खिडकीची जाळी हलत नाही.

मोबाइलवर पाहिलं. छज्जा रिकामा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोपरा काळा आहे.

तो माणूस गेटपाशी आहे. मान हलवत नाही. नुसता बघतोय. चेहरा स्वच्छ.

दादाला फोन केला. उचलला, माझं अर्धं ऐकलं. म्हणाला, आता तूही? सकाळी येतो, दोघींनाही नेतो. ठेवला. मूर्ख. मूर्ख. पुन्हा लागत नाही.

आई कुशीत आहे. तिने माझ्या तोंडावर हात ठेवलाय. हलू नकोस म्हणते. श्वास रोख म्हणते.

खोलीतला बल्ब गेला. मोबाइलच्या उजेडात लिहितेय. वर बघायचं नाही असं ठरवलंय. आई बघतेय.

दादा सकाळी येईल. गेट उघडेल, त्याला तो माणूस दिसायचा नाही, दिवसा दिसत नाही. सरळ आत येऊन कडी काढेल. आधी वर बघ, दादा. दार उघडण्याआधी वर—